पाहुण्यांच्या तीन जागा

नागपुरात क्रिकेटचा हंगाम मार्चमध्ये संपतो आणि कूलरचा सुरू होतो. पुढचे सहा महिने मैदानावर काहीच घडत नाही. आमच्या घरी मात्र खरा सामना तेव्हाच सुरू होतो. विषय दरवर्षी एकच: पुढच्या हंगामात विदर्भाच्या संघात पाहुणा कोण?

2025 चा उन्हाळा या बाबतीत फार गरम गेला. विदर्भाने नुकतीच तिसऱ्यांदा रणजी ट्रॉफी जिंकली होती. आणि जिंकल्या जिंकल्या घर रिकामं व्हायला लागलं. करुण नायर कर्नाटकात परत गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. बाबांना पहिल्याचं काही वाटलं नाही, दुसऱ्याचं फार लागलं.

"पाहुणा गेला तर जाऊ दे, तो जाणारच होता," ते म्हणाले. "घरचं पोट्टं कायले गेलं?"

माझा चुलतभाऊ हा घरातला दुसरा पक्ष. त्याचं म्हणणं, रडत बसण्यापेक्षा लगेच नवा फलंदाज शोधा. "काका, तीन जागा आहेत. भरल्या नाही तर दुसरे भरतील."

"तीन पाहुणे म्हणजे घरच्यांची तीन पानं उठवली. आपले पोट्टे काय गोट्या खेळून राहिले काय?"

रात्र रात्र जागून मँचेस्टर युनायटेडने कोणाला घेतलं हे बघणाऱ्या माझ्या मित्रांना यात काय रस आहे, हे समजत नाही. पण ट्रान्सफर म्हणजे ट्रान्सफर. फक्त आमच्याकडे त्याला विंडो, एजंट, विमानतळावरचे फोटो असलं काही नसतं. पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. नियम साधा आहे. खेळाडूने मूळ राज्य संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं आणि दुसऱ्या राज्याकडून खेळायचं. असे बाहेरचे जास्तीत जास्त तीन. कागदोपत्री त्यांना प्रोफेशनल म्हणतात, आम्ही पाहुणे म्हणतो. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये नवे खेळाडू निवडायला ड्राफ्ट असतो, कोणाला आधी घ्यायचं यावर तिथले चाहते महिनोन्‌महिने भांडतात. आमच्याकडे ड्राफ्ट नाही, पण प्रश्न तोच आहे. तीन जागांवर काय आणायचं? धावा की बळी? नाव की गरज? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: त्या जागी आधी कोण उभं होतं?

या भांडणाला आम्ही समजतो त्यापेक्षा बरीच जुनी पार्श्वभूमी आहे.

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. 1895 चा जन्म, शिक्षण हिस्लॉपमध्ये. पण क्रिकेटच्या इतिहासात ते इंदूरचे म्हणून ओळखले जातात, कारण 1923 मध्ये होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या सैन्यात कॅप्टन केलं. पुढे नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघ रणजी स्पर्धेतला दादा संघ झाला. 1945-46 ते 1952-53 या काळात त्यांनी चार वेळा ट्रॉफी जिंकली. त्या संघाची भूक एवढी होती की 1944-45 च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांच्याकडून चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. युद्धामुळे तो भारतात होता. त्याने नाबाद 249 केल्या, तरी होळकर हरले. म्हणजे पाहुणा आणला की ट्रॉफी येतेच असं नाही, हे ऐंशी वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. चुलतभावाला हे मी दरवर्षी सांगतो. तो दरवर्षी ऐकत नाही.

तर पाहुणा नेण्याच्या खेळात नागपूर आधी देणाऱ्याच्या बाजूला होतं. घेणाऱ्याच्या बाजूला यायला फार वेळ लागला. विदर्भाचा संघ रणजीत 1957-58 पासून खेळतो. त्यानंतरची बहुतेक दशकं अशी गेली की समोरचा संघ विदर्भाकडे पाहून आपले गुण आधीच मोजून ठेवत असे. बाबांची सगळी तरुणाई यात गेली. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या स्टेडियममध्ये कसोटी पाहायला गर्दी व्हायची, पण तिथे खेळायला उतरणारे अकरा जण दुसऱ्या गावांचे असायचे. विदर्भात घडलेला पहिला कसोटीपटू मिळायला 2011 उजाडलं. तो उमेश यादव. कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, खापरखेड्याकडचा, वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला.

2008 मध्ये जामठ्याचं नवं स्टेडियम सुरू झालं. राज्य संघटनांकडे टीव्हीचा पैसा येऊ लागला होता आणि विदर्भ क्रिकेट असोसिएशनने त्यातला काही मुलं घडवणाऱ्या अकादमीवर लावला. हे काम सावकाश चालतं. आज लावलेलं संत्र्याचं झाडही चार-पाच वर्षांशिवाय फळ देत नाही. तोपर्यंत सामने तर खेळायचे होते. म्हणून 2014-15 मध्ये तामिळनाडूचा एस. बद्रीनाथ कर्णधार म्हणून आला आणि कर्नाटकचा गणेश सतीश आला. पुढच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर.

इथे मला थांबावं लागतं, कारण इथे माझा एक मित्र येतो.

तो शाळेत माझ्या वर्गात होता. वरच्या फळीतला फलंदाज. आम्ही इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे फॉर्म भरत होतो तेव्हा तो वयोगटाच्या स्पर्धांमध्ये खेळत होता. पुढे क्लबच्या सामन्यांत धावा करायचा, संभाव्य खेळाडूंच्या शिबिरापर्यंत जायचा आणि परत यायचा. त्याची जागा तिसरी किंवा चौथी. आणि 2015 साली विदर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या जागेकडे पाहिलं तर तिथे सतीश, बद्रीनाथ आणि जाफर. तिघे मिळून हजारो प्रथम श्रेणी धावा. त्या रांगेत उभं राहून काय होणार हे कळायला त्याला दोन वर्षं लागली. आता तो बँकेत आहे. ऑक्टोबरमध्ये संघ जाहीर झाला की पहिल्यांदा फलंदाजांची नावं वाचतो, हे त्याच्या बायकोने मला सांगितलं.

बाबा "पानं उठवली" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी नसतं. माझ्यासमोर तो असतो.

विदर्भाच्या या खरेदीत मला एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि ती फारशी बोलली जात नाही. बाहेरून आणले ते बहुतेक फलंदाज. गोलंदाज घरचेच ठेवले. अपवाद आहेत, 2017-18 मध्ये रेल्वेचा लेगस्पिनर कर्ण शर्माही घेतला होता. पण इंदूरच्या अंतिम सामन्यात जे अकरा उतरले त्यांत पाहुणे दोनच होते, जाफर आणि सतीश. दोघेही फलंदाज. चेंडू हातात घेणारा प्रत्येक जण विदर्भाचा होता.

हे आपोआप झालं की ठरवून, ते निवड समितीला माहीत. हिशोब मात्र पटण्यासारखा आहे. रणजी सामना जिंकायला वीस बळी लागतात. बाहेरचा एक गोलंदाज आणला तर तो षटकं टाकतो आणि घरच्याची षटकं कमी होतात. ती परत मिळत नाहीत. बाहेरचा फलंदाज आणला तर तो एक जागा खातो, पण समोरच्या टोकाला कोणीतरी उभं असतंच. त्या पोराला तासन्‌तास फुकट शिकवणी मिळते. आमच्या धंद्यातही हेच आहे. मोठा पगार देऊन बाहेरून आणलेला माणूस एकटा बसून कोड लिहीत असेल तर तो गेल्यावर काहीच उरत नाही. शेजारी एखाद्या नवशिक्याला बसवलं तर काहीतरी उरतं. अर्थात त्यासाठी नवशिक्याला शेजारची खुर्ची मिळावी लागते.

2017-18 च्या हंगामात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. ते मुंबईचे, पण खेळाडू म्हणून स्वतःही पाहुणे राहिलेले. 1998-99 मध्ये त्यांच्या कर्णधारपदाखाली मध्य प्रदेश अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरला होता. बाहेरून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात कसं वागावं लागतं, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. शिस्त कडक. आणि जाफर तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा. आधीचा अख्खा हंगाम तो दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, म्हणून या हंगामात तो मानधन न घेता खेळला. ही गोष्ट कळली तेव्हा बाबा गप्प झाले. फुकट जेवणाऱ्या पाहुण्याविषयी बोलता येतं, फुकट राबणाऱ्याविषयी काय बोलणार?

त्या वर्षी संघातल्या सर्वाधिक धावा मात्र पाहुण्याच्या नव्हत्या. त्या होत्या कर्णधार फैझ फझलच्या, 912. फैझ नागपूरचा. तोही मधली काही वर्षं रेल्वेकडून खेळून परतला होता.

मग कोलकात्याचा उपांत्य सामना आला. समोर कर्नाटक. त्यांच्या पहिल्या डावात 301 धावा झाल्या, त्यांतल्या 153 एकट्या करुण नायरच्या. दुसऱ्या डावात आपल्याच जुन्या राज्याविरुद्ध गणेश सतीशने 81 केल्या. कर्नाटकला 198 हव्या होत्या आणि ते 192 वर संपले. विदर्भ पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने त्या डावात 68 धावांत 7 बळी घेतले. गुरबानी सिव्हिल इंजिनीअर. त्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर प्रत्येकाला आपली डिग्री वाया गेल्याचं नव्याने जाणवलं.

अंतिम सामना दिल्लीशी. दिल्लीच्या ध्रुव शोरीने 145 केल्या, पण गुरबानीने हॅटट्रिक घेतली आणि डाव 295 वर संपला. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅटट्रिक. पहिली 1972-73 मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. नंतर यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 केल्या, ते त्याचं पहिलं प्रथम श्रेणी शतक. 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला आणि विजयी फटका जाफरने मारला. मैदान होतं इंदूरचं होळकर स्टेडियम. ज्या घराण्याने नागपूरचा माणूस नेला, त्याच्याच नावाच्या मैदानावर नागपूरने दुसऱ्यांची माणसं आणून साठ वर्षांनी ट्रॉफी उचलली. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, आम्ही सगळे नाचत होतो.

वर नावं आली आहेत ती दोन नावं लक्षात ठेवा. करुण नायर, 153. ध्रुव शोरी, 145.

पुढच्या वर्षी जामठ्यातच सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून ट्रॉफी राखली. जाफरने हंगामात 1037 धावा केल्या, वय चाळीस. पण अंतिम सामना डावखुऱ्या फिरकीपटू आदित्य सरवटेचा होता. सामन्यात अकरा बळी, दोन्ही डावांत चेतेश्वर पुजारा त्याच्याच खात्यात, एकदा 1 धावेवर आणि एकदा शून्यावर. सरवटे म्हणजे बाबांच्या म्हणण्याचा जिवंत पुरावा. घरचं पोरगं, घरचं मैदान. तेव्हा आमच्या घरातला वाद काही काळ थांबला होता.

मग पंडित गेले. 2020 मध्ये जाफर निवृत्त झाला. काही हंगाम असेच गेले, त्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

2023-24 साठी विदर्भाने ज्या दोघांना आणलं ते हेच दोघे. करुण नायर कर्नाटकच्या संघातून बाहेर पडलेला. कसोटीत नाबाद 303 करणारा माणूस समाजमाध्यमावर क्रिकेटकडे आणखी एक संधी मागत होता. ती संधी नागपूरने दिली. आणि शोरी दिल्लीहून आला. ज्यांनी आपल्याविरुद्ध धावा केल्या त्यांनाच घरी बोलावणं, हा विदर्भाचा स्काउटिंगचा विभाग असावा असं आम्ही गमतीने म्हणतो. त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला, मुंबईकडून 169 धावांनी हरला. पुढच्या वर्षीचा उपांत्य सामना पुन्हा मुंबईशी, नागपुरात, आणि 80 धावांनी आम्ही जिंकलो.

पण त्या हंगामाआधीच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट झाली होती. आदित्य सरवटे केरळला गेला. पाहुणा म्हणून. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. बाबांच्या यादीतली दोन मोठी नावं दुसऱ्यांच्या तीन जागांत जाऊन बसली.

सरवटेच्या रिकाम्या झालेल्या जागेवर विदर्भाने पाहुणा आणला नाही. बाविशीतला हर्ष दुबे होता, तोही डावखुरा फिरकीपटू. त्याने त्या हंगामात 69 बळी घेतले. एका रणजी हंगामातला तो सर्वाधिक आकडा, आधीचा 68 चा होता. आता मला सांगा, सरवटे गेला हे वाईट झालं की चांगलं? चुलतभाऊ म्हणतो, चांगलं. बाबा म्हणतात, दोघं एकत्र खेळले असते तर? मी यावर बराच विचार केला आहे आणि मला वाटतं, दोघं एकत्र खेळले असते तर दुबेला निम्मी षटकं मिळाली असती. पण हे मी सरवटेच्या समोर उभं राहून बोलू शकलो नसतो.

अंतिम सामना 26 फेब्रुवारी 2025 पासून जामठ्यात. विदर्भ विरुद्ध केरळ. केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. त्यांच्या संघात पाहुणे दोन, इंदूरचा जलज सक्सेना आणि नागपूरचा सरवटे. आमच्याही संघात दोन, नायर आणि शोरी.

पहिल्या दिवशी मी सुट्टी टाकली. बँकेतल्या मित्रालाही ओढून नेलं. विदर्भ 3 बाद 24. मग एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि नायर उभे राहिले. नायर बराच वेळ फक्त खेळत राहिला, मधेच जाऊन पोराशी काहीतरी बोलून यायचा. 215 धावांची भागी झाली, नायर 86 वर धावबाद झाला, मालेवार दुसऱ्या दिवशी 153 पर्यंत गेला. नागपूरचा पोरगा, पहिलाच रणजी हंगाम.

"जाफर आला नसता तर मी खेळलो असतो, असं मी घरी सांगतो," मित्र मधेच म्हणाला. तो मैदानाकडेच बघत होता. "सासऱ्यांनाही तेच सांगितलंय."

"आणि?"

"आणि काय? मी शिबिरात तीन वर्षं गेलो. समोर असा कोणी उभाच नव्हता कधी. जाफर आला तेव्हा माझा नंबर संघातच नव्हता, त्याच्या समोर उभं राहायला." मग थोड्या वेळाने, "पण या पोट्ट्याचा लागला, बघ."

त्याला आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, मी विचारलं नाही. मालेवारने चौकार मारला तेव्हा तो टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि चुलतभाऊ आले. विदर्भ सर्वबाद 379. केरळचे दोन गडी 14 वर गेले आणि सरवटे फलंदाजीला आला. घरच्या मैदानावर, दुसऱ्याची टोपी घालून. स्टँडमध्ये आधी काहीच आवाज नाही. मग कुठूनतरी थोड्या टाळ्या. बाबांच्या टाळ्या त्यात होत्या.

"काका, तो आता त्यायचा आहे."

"गप बस."

तो दिवसअखेर 66 वर नाबाद होता आणि तिथे बसलेल्या प्रत्येक विदर्भवाल्याला आता त्याचा राग यायला लागला होता. तिसऱ्या दिवशी त्याने 79 केल्या. आणि त्याला बाद केलं हर्ष दुबेने.

केरळ 342 वर संपलं. सामना अनिर्णित राहिला, दुसऱ्या डावात नायरने 135 केल्या आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर ट्रॉफी नागपुरात राहिली. पण बाबा त्या ट्रॉफीचं फार बोलत नाहीत. ते सरवटे परत जातानाचं सांगतात. दुबेभोवती सगळे उड्या मारत होते, सरवटे मान खाली घालून जामठ्याच्या पायऱ्या चढत होता, आणि बाबांना क्षणभर कळेना की टाळ्या कोणासाठी वाजवायच्या. त्यांनी उभं राहून वाजवल्या. चुलतभावाने विचारलं, कोणासाठी? बाबा म्हणाले, "तुले काय करायचं?"

मग उन्हाळा आला, नायर गेला, जितेश गेला आणि कूलरसमोर पुन्हा सुरू झालं. यंदा कोण?